पाणी स्वच्छ होतं, तरीही

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर काम करते. कॅडमियमसारखा विषारी धातू त्यांच्या अंगात पाण्यातून जास्त शिरतो की खाण्यातून, हा माझा विषय. एका टाकीच्या पाण्यात कॅडमियम क्लोराइड होतं, खाणं मात्र साधं. दुसरीत पाणी स्वच्छ, पण मासळीच्या खिम्यात कॅडमियम कालवून तो अगरमध्ये (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीत) गोठवलेला. उरलेला घास लगेच उचलायचा आणि पाणी बदलायचं. नाहीतर धातू पाण्यात उतरतो आणि सगळा खटाटोप वाया. तिसऱ्या टाकीत दोन्ही स्वच्छ.

खेकडे इगतपुरीकडच्या ओढ्यातले. तिथले एक काका आणून देतात.

ठरल्या दिवशी खेकडे बर्फात सुन्न करून एकेकाची पाठ उचलली. दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले, मधे पिवळसर तपकिरी मऊ गर. हा गर म्हणजे हिपॅटोपँक्रियास, आपल्या यकृताचं आणि स्वादुपिंडाचं काम एकत्र करणारा अवयव. कल्ले, गर आणि नांगीचं मांस वेगवेगळं सुकवलं, वजन केलं, नायट्रिक आम्लात विरघळवलं.

मग नमुन्यात धातू किती आहे ते मोजणारं मशीन. कॅडमियमचा दिवा, त्याचा २२८.८ नॅनोमीटरचा प्रकाश, अ‍ॅसिटिलीनची ज्योत. पाण्यातून धातू मिळालेल्या खेकड्यांच्या कल्ल्यांत तो ठळक दिसला. अपेक्षितच होतं. खाण्यातून मिळालेल्यांचे कल्ले जवळजवळ कोरे, नांगीच्या मांसातही नावालाच. आणि गराचा नमुना लावला, तर आकडा सगळ्यात तीव्र स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या ठरावीक प्रमाणाच्या द्रावणाच्याही वर! नमुन्यात बाहेरून काही पडलं असेल म्हणून ब्लँक, म्हणजे खेकड्याचा काहीही भाग नसलेला नमुना, पुन्हा लावला; तो शून्य. नमुना पातळ करून पुन्हा लावला. आकडा खरा होता. मॅडमना हाक मारताना माझा आवाज चढला होता.

कारण खेकड्याच्या शरीरातच आहे. त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन तांब्यावर चालतं. म्हणून तांबं, जस्त धरून ठेवायला गरात मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं असतात. कॅडमियम आलं की तीच त्यालाही पकडतात. त्यामुळे खेकडा तगतो, पण विष त्याच्या पोटात साठत राहतं.

नाशिकमध्ये गोदावरीच्या प्रदूषणाची चर्चा झाली की बाटल्यांत पाणी भरलं जातं, तपासलं जातं. ते हवंच. पण माझ्या त्या टाकीतल्या पाण्याचा रिपोर्टही उत्तमच आला असता. जड धातू बराचसा गाळात बसतो, गाळातले किडे तो खातात आणि खेकडा ते किडे खातो. गाळ आणि जीव तपासल्याशिवाय नदी स्वच्छ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

काका पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सरळच विचारलं, "मंग ताई, खायाचं का नाही?"

त्यांच्या ओढ्यातल्या, स्वच्छ टाकीत ठेवलेल्या खेकड्यांत काही सापडलं नव्हतं, ते आधी सांगितलं. कारखान्यांचं सांडपाणी येतं तिथले खेकडे मात्र पकडू नका, म्हटलं. आणि शंका असेल तर पाठीतला गर टाकून द्या. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं टिकतं; जपानच्या जिंझू नदीकाठी भातातून ते पोटात गेलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली.

"अवो, पन गर तर आम्ही रश्श्यातच घालतो. चव त्याच्यातच ऱ्हाती."

हे मला सुचलंच नव्हतं असं नाही, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते मनाला लागलं. युरोपात खेकड्यातल्या कॅडमियमची मर्यादा किलोला अर्धा मिलिग्रॅम आहे, पण ती नांग्या-पायांच्या मांसापुरती. आपल्याकडे पाय वाटून, गाळून रस काढतात आणि गरासकट उकळतात. उकळताना गर फुटतो, त्यातला धातू रश्श्यात उतरतो. तेव्हा पुढच्या फेरीत नमुन्यांच्या यादीत रस्साही घातला आहे. काकूंनी कृती सांगितली आहे, मसाल्याचा वेगळा ब्लँक लावावा लागेल.