दोन दिवसांत वाढलेला गोंधळ

परभणी, वैशाख

पारा ४२च्या पुढे आणि दुपारपासून लाईट नाही. अशा दिवसांत एका गोष्टीची फार काळजी वाटते. पन्नाशीच्या आसपास ज्यांच्या एमआरआयवर मेंदू आकसल्याचं आलंय, त्यांच्या घरी प्रत्येक बिघाड त्या आकसण्याच्याच नावावर टाकतात. परवापर्यंत नीट बोलणारा माणूस आज वार विसरला, असंबद्ध बोलू लागला, की 'आजार वाढला' म्हणून सगळे गप्प. हे बघवत नाही. आकसणं सहसा महिन्या-वर्षांच्या चालीनं पुढं सरकतं. दोन दिवसांत गोंधळ वाढला तर बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं, आणि पुष्कळदा ते बरं करता येतं.

आधी पाणी. तहान लागली तरी उठून प्यायचं यांना सुचत नाही. माठ भरलेला असून उपयोग नाही. लिटरच्या बाटल्या भरून जवळ ठेवाव्यात, म्हणजे किती पोटात गेलं ते संध्याकाळी कळतं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. लघवी गढूळ, जळजळ, ताप असेल तर लघवी तपासावी. पोट साफ होतंय का, तेही विचारावं.

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) तपासायलाच हवं. ते साधारण १३५ ते १४५ असतं. गोळीनं आणि घामानं ते उतरतं, वर नुसतं पाणी पाजत राहिलं तर आणखी खाली जातं. गोळी मात्र मनानं बंद करू नये.

मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळीसुद्धा पुरते. तिच्यात बहुधा असणाऱ्या क्लोरफेनिरामिन या औषधानं गुंगी येते, गोंधळ वाढतो, लघवी अडते. स्मरणशक्तीसाठी देतात ती डोनेपेझिलची गोळी चालू असेल तर हे औषध तिच्या नेमकं उलट काम करतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पडण्याकडे. मेंदू आकसला की त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. मोरीत घसरून डोक्याला हलकासा मार लागला तरी त्यातून रक्त हळूहळू झिरपतं, आणि डोकेदुखी, झोपाळूपणा, एका बाजूची अशक्तता कित्येकदा दोन-तीन आठवड्यांनी दिसते. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर धोका जास्त. तेव्हा उशीर न करता सीटी स्कॅन.

दवाखान्यात जाताना गोंधळ कोणत्या दिवसापासून, नवी गोळी कोणती, महिन्याभरात पडले का, हे कागदावर लिहून न्यावं. 'यांचं आधीपासूनच असंय' एवढंच सांगितलं तर तपासण्या राहून जातात.