हरिकेनला मॅट कोट देताना

१९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाच्या क्रमांक १ स्क्वाड्रनने स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हॉकर हरिकेन विमाने उडवली. त्यांपैकी एकाचे १:७२ प्रमाणातले मॉडेल मी गेल्या पावसाळ्यात जोडून रंगवले आणि शेवटचा मॅट कोट, म्हणजे चमक घालवणाऱ्या वार्निशचा थर, मात्र ऑक्टोबरपर्यंत मुद्दाम राखून ठेवला.

या विमानांच्या वरच्या बाजूचा हिरवा-तपकिरी रंग मुळातच निस्तेज होता. शिवाय खऱ्या हरिकेनच्या पंखांची लांबी सुमारे १२ मीटर, तर माझ्या मॉडेलची जेमतेम १७ सेंटिमीटर. एवढ्याशा पृष्ठभागावर दिव्याची एक तिरीप चमकली, तरी विमान खेळण्यातले वाटू लागते. तरीही डिकल, म्हणजे चिन्हांची पातळ चिकटचित्रे, लावण्यापूर्वी मी संपूर्ण मॉडेलवर चकचकीत वार्निशचा ग्लॉस कोट मारला होता, कारण खरखरीत रंगावर डिकल चिकटवले की त्याखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसू लागतात. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गोंधळ होऊ नये म्हणून त्या आघाडीवर विमानांच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळांमधला लाल रंग काढून फक्त गडद आणि फिकी निळी छटा ठेवलेली असे. गडद रंगावरच्या त्या फिक्या निळ्या वर्तुळाभोवती चंदेरी कडा राहिली असती, तर सगळी मेहनत वाया गेली असती.

मॅट वार्निशमध्ये सिलिकासारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात. वार्निश वाळल्यावर हे कण पृष्ठभागाला बारीक खरखरीतपणा देतात, त्यामुळे प्रकाश एकाच दिशेने परावर्तित न होता विखुरतो आणि चमक मरते. हे नीट ध्यानात घेतले की बाकीची सगळी पथ्ये त्यातूनच निघतात. कण तळाशी बसतात, म्हणून बाटली नुसती हलवून भागत नाही. तळापर्यंत काडी घालून ढवळावे लागते. थर जाड पडला, तर तेच कण दाटून गडद रंगावर पांढुरकी साय आल्यासारखे दिसतात.

ऑक्टोबरपर्यंत थांबण्याचे कारण ठाण्याची हवा. वार्निश पातळ करणारे थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतले बाष्प त्यावर जमते आणि कोट धुरकट होतो. माझ्या खोलीतला आर्द्रतामापक जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असतो. तो दुपारी ६० च्या आसपास येऊ लागल्यावरच मी एअरब्रशला, म्हणजे रंग फवारणाऱ्या छोट्या यंत्राला, हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बाहेर काढला. टामिया कंपनीच्या एक्सएफ-८६ या मॅट वार्निशमध्ये साधारण दुप्पट लेव्हलिंग थिनर मिसळले. या थिनरमध्ये वाळण्याचा वेग कमी करणारा घटक असतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात तो फार उपयोगी पडतो.

पहिली फवारणी त्याच गडद हिरव्या रंगाने रंगवलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर केली. एअरब्रश फार लांब धरला, तर थेंब हवेतच अर्धवट वाळतात आणि पृष्ठभागावर भुकटी बसते. फार जवळ धरला, तर ओघळ येतात. १५ पीएसआय दाबावर दहा-बारा सेंटिमीटरचे अंतर मला योग्य वाटले. मग कॅनॉपीवरची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरची, मास्किंग टेप पुन्हा एकदा नखाने दाबून घेतली, कारण काच चमकलीच पाहिजे. तोंडावर फिल्टरचा मास्क चढवला, जो या कामात अजिबात टाळू नये, आणि विमानावर पातळ थर देऊ लागलो. टेबललॅम्प तिरपा ठेवला होता. फवारा सरकेल तसा पंखावर ओला पट्टा चमके, आणि काही क्षणांत ती चमक कडेपासून आत विरत जाऊन पत्र्यांच्या जोडरेषा स्पष्ट होत. हा बदल पूर्ण झाल्याशिवाय त्या जागी पुढचा थर द्यायचा नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. पंखांच्या मुळाशी, जिथे फवारा उलटून येतो, तिथे दाब थोडा कमी केला.

दुसऱ्या दिवशी एक्झॉस्टमागचे काजळीचे पट्टे पेस्टलच्या भुकटीने काढले. ही भुकटी ग्लॉसवर मुळीच टिकत नाही, मॅटवर मात्र घट्ट धरते. तिच्यावर पुन्हा वार्निश मारले की निम्मा परिणाम पुसला जातो, त्यामुळे ती तशीच ठेवली असून मॉडेल उचलताना मी पंखांच्या टोकांनाच धरतो.