रात्रीच जळणारे ड्रायव्हर

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका सुतारकामाच्या युनिटमध्ये देव्हाऱ्यांवर नक्षी कोरणारा, संगणकाच्या आज्ञेवर चालणारा सीएनसी राउटर आहे. गणपतीची चवथ तोंडावर आली आणि त्याचे स्टेपर ड्रायव्हर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरना करंट पुरवणारी सर्किटं, जळू लागले, तेही फक्त रात्रपाळीत. दमट हवा, भुसा, सगळ्यांवर खापर फोडून झालं. शेवटी रात्रीच्या ऑपरेटर पोराच्या पगारातून पैसे कापले. ते मला अजून खुपतंय.

मशीन देणाऱ्याने ३६ व्होल्टचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज आणि मोठा कपॅसिटर बसवलेला. पण ३६ हा एसीचा आकडा. कपॅसिटरवर तो १.४१ पट होतो. डायोडचे दीडेक व्होल्ट वजा केले तरी ४९ च्या वर. ड्रायव्हरची कमाल मर्यादा ५०. भर दुपारी मीटर लावून ‘मर्यादेत बसतंय’ म्हणणं ही बेजबाबदारीच.

संध्याकाळी मी मीटर लावून थांबलो. शेजारची युनिटं बंद होत गेली तशी लाइन २३० व्होल्टवरून २५० कडे सरकली आणि कपॅसिटरवर ५३ च्या पुढे आकडा गेला. त्यात गँट्री, म्हणजे कोरणारं डोकं वाहणारी चौकट, वेगात येऊन थांबली की मोटरच जनरेटर होते आणि वीज उलटी सप्लायकडे ढकलते. आकडा आणखी उसळला.

मालक म्हणाले, “बाब, मोटरवर तर ३ व्होल्टच लिहिलेत. २४ चा सप्लाय लावूया ना!”

तो ३ चा आकडा मोटर थेट डीसीवर उभी असतानाचा. चॉपर ड्रायव्हर पुरवठा झपाझप चालू-बंद करून करंट स्वतः धरून ठेवतो, त्यामुळे जास्त व्होल्टेजने वाइंडिंग जळत नाही. उलट कमी व्होल्टेजला करंट वेळेत भरत नाही. या मोटरचं इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला होणारा विरोध, ३.६ मिलीहेन्री. २४ व्होल्टवर २.८ अँपिअर चढायला ०.४२ मिलिसेकंद लागतात, बॅक ईएमएफ, म्हणजे फिरत्या मोटरमध्ये तयार होणारं उलटं व्होल्टेज, न धरता. आणि ६०० आरपीएमला अख्खी स्टेपच ०.५ मिलिसेकंदाची. टॉर्क (फिरवण्याची ताकद) गळतो, स्टेप चुकतात, नक्षी सरकते.

मी ४८ चा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) लावला, त्याचा ट्रिम स्क्रू फिरवून ४४ वर आणला. लाइन चढली तरी तो हलत नाही, वर सहा व्होल्टची मोकळीक. ड्रायव्हर टिकले. पोराचे पैसे परत द्या, असं मालकांना तोंडावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

रॅपिडचा, म्हणजे कोरत नसताना डोकं हलवण्याचा, वेग मात्र थोडा उतरवावा लागला, त्यावर त्यांची कुरकुर चालू आहे. सप्लाय कमाल किती ठेवावा यासाठी मिलीहेन्रीतल्या इंडक्टन्सच्या वर्गमुळाला ३२ ने गुणायचा ठोकताळा इथे ६१ व्होल्ट सांगतो. चवथीची ऑर्डर गेली की ८० व्होल्टचे ड्रायव्हर घ्या, मग मी ६० चा सप्लाय बेधडक लावतो, असं त्यांना सांगून ठेवलंय.