आधी टाळ्या, मग धमाके: बूस्टर-चित्रीकरणाची यंदाची नोंद

एलझेड-१ बंद झालं. फ्लोरिडात केप कॅनव्हरलला स्पेसएक्सचे बूस्टर, म्हणजे रॉकेटचे परत येणारे खालचे टप्पे, उभे उतरायचे ती ही जागा. १ ऑगस्ट २०२५ ला क्रू-११ मोहिमेचा फाल्कन ९ बूस्टर तिथे उतरला, तो शेवटचा. २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री ऑर्बकॉमच्या उपग्रहांना वाटेला लावून परतलेला पहिला बूस्टर याच काँक्रीटवर उभा राहिला होता. त्याआधी कित्येक वर्षं इथे अ‍ॅटलास क्षेपणास्त्रांचा तेरा नंबरचा तळ होता. मी जे काही शिकले ते सगळं या एका जागेकडे लेन्स रोखून शिकले, आणि आता जागाच बदलतेय म्हटल्यावर कोन, अंतरं, वेळा सगळं पहिल्यापासून मोजावं लागणार. तोवर हाताशी काय आलंय आणि काय अजून निसटतंय, ते लिहून ठेवते. नवीन मंडळींना उपयोग होईल, आणि जुन्या मंडळींनी जिथे पटत नाही तिथे खुशाल कान धरावा.

माझा हट्ट एकच आहे. उड्डाणापासून पाय टेकेपर्यंत एक सलग चित्रफीत, मध्ये कुठेही कात्री नाही, आणि तिच्यावरचा आवाज जसा आला तसाच. आवाज मागेपुढे सरकवायचा नाही. यावरून आमच्या गोटात बऱ्यापैकी भांडणं आहेत, त्याकडे येतेच.

नवख्यांसाठी क्रम थोडक्यात. सव्वादोन-अडीच मिनिटांनी पहिला टप्पा, म्हणजेच बूस्टर, सुटतो, तोंड फिरवतो आणि तीन इंजिनं पेटवून मागे निघतो. हा बूस्टबॅक बर्न. सहा मिनिटं उलटली की वातावरणात शिरताना एंट्री बर्न, पुन्हा तीन इंजिनं. शेवटी एकाच इंजिनावर लँडिंग बर्न, आणि आठ मिनिटांच्या आत खेळ आटोपतो. हे तिन्ही बर्न टिपणं फारसं अवघड नाही, ज्वाला आपणहून दिसते. घाम फुटतो तो बूस्टबॅक संपल्यापासून एंट्री सुरू होईपर्यंतच्या जवळजवळ तीन मिनिटांत. बूस्टर तेव्हा शंभर किलोमीटरच्या वर असतो, इंजिनं बंद, अंगावर काजळी. दिवसाच्या निळ्यात तो हरवला की हरवलाच. अंधाऱ्या रात्री तर प्रश्नच नाही. फक्त संधिप्रकाशात, म्हणजे सूर्य बुडाल्यावर अर्धा-पाऊण तास किंवा उगवायच्या तेवढंच आधी, आपण अंधारात आणि बूस्टर उन्हात असा योग येतो. मग नायट्रोजनच्या थ्रस्टरची एकेक पांढरी फुंकर साध्या डोळ्यांनीही दिसते, आणि परत फिरणाऱ्या बूस्टरचा धूर दुसऱ्या टप्प्याच्या धुराला भिडून आकाशभर निळसर पडदे पसरतात. असं उड्डाण यादीत दिसलं की रजा टाकायची, बाकी विचार करायचा नाही.

इतर वेळी मी त्या तीन मिनिटांत बूस्टर शोधायच्या भानगडीत पडत नाही. तो जिथे येणार तिथे आधीच जाऊन थांबते. अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या मोहिमा ईशान्येला निघतात, त्यामुळे त्यांच्या बूस्टरची परतीची कमानही दर वेळी जवळपास तीच असते. जुन्या चित्रफिती बघून एंट्री बर्न कुठल्या दिशेला, किती अंश उंचीवर पेटतो त्याचा तक्ता केला आहे. ट्रायपॉडच्या हेडवर अंश कोरलेले असतात, ते इतके दिवस शोभेचे वाटायचे. लेन्स तिथे नेऊन ठेवायची आणि वाट बघायची. चित्रफितीत तेवढा वेळ नुसतं आकाश दिसतं. दिसू दे. दक्षिणेकडे ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या मोहिमांना मात्र हा तक्ता चालत नाही, त्यांचा बूस्टर वेगळ्याच बाजूने येतो.

आता हेडचा विषय निघालाच आहे तर. एंट्री बर्नच्या वेळी बूस्टर जवळपास डोक्यावर असतो, आणि नेहमीचे व्हिडिओ हेड इतकं वर बघायला केलेलेच नसतात. दांडा ट्रायपॉडच्या पायाला जाऊन आपटतो, लेन्स मागे कलंडते, आणि आपली मान तर त्याही आधी अडकते. पक्षी टिपणारे लोक वापरतात ते गिंबल हेड घेतल्यापासून हा त्रास संपला. लेन्सचा तोल असा साधायचा की हात काढला तरी ती आहे तिथेच राहिली पाहिजे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावण्याऐवजी दुर्बिणीवर बसवतात तसा लाल ठिपक्याचा फाइंडर कॅमेऱ्यावर लावला आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका ज्वालेवर धरायचा, चौकटीत काय येतंय ते बाजूच्या छोट्या पडद्यावर तिरक्या नजरेने बघायचं.

ट्रॅकिंगला कामाची आणखी एक गोष्ट. बूस्टरचा नेम शेवटपर्यंत पॅडवर नसतोच, तो किनाऱ्यालगतच्या पाण्यावर असतो. लँडिंग बर्न नीट पेटला आणि सगळं ताब्यात असलं, तरच तो जमिनीकडे सरकतो. ५ डिसेंबर २०१८ ला सीआरएस-१६ या मालवाहू मोहिमेच्या वेळी वरच्या जाळीदार पंखांचा हायड्रॉलिक पंप अडला, बूस्टर गरगरत खाली आला आणि पाण्यातच उतरला. पॅडला धक्का लागला नाही तो या योजनेमुळे. दक्षिणेकडून चित्रीकरण करत असाल तर समुद्र तुमच्या उजव्या हाताला. म्हणजे शेवटच्या अर्ध्या मिनिटात बूस्टर डावीकडे सरकणार. चौकटीत डावीकडे जागा मोकळी सोडा.

फोकस रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने लावायचा आणि रिंग चिकटपट्टीने बंद करून टाकायची. ऑटोफोकसवर विसंबू नका, ऐन वेळी ज्वाला बघून तो गांगरतो. गाडीतल्या एसीतून काढलेली लेन्स फ्लोरिडाच्या दमट हवेत आली की क्षणात पांढरी होते, म्हणून सामान आधीपासून डिकीत, शक्य तर तासभर बाहेर. दिवसाच्या उष्ण हवेच्या थरथरीवर माझ्याकडे उपाय नाही. दुपारी बारा वाजता पाण्यावरून दहा किलोमीटर पलीकडे ६०० मिमीच्या लेन्सने बघितलं तर बूस्टर चौकटीच्या उंचीच्या आठव्या भागाएवढा दिसतो आणि तोही नाचत असतो. याहून लांब लेन्स घेऊन नाच मोठा दिसेल, एवढंच.

यंदाची सगळ्यात समाधानाची फीत २५ जून २०२५ ची, अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेची. शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर जाणार म्हणून मे महिन्यापासून डोळे लागले होते. उड्डाण आधी खराब हवेने पुढे गेलं, मग बूस्टरमध्येच द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली, मग स्थानकाच्या रशियन भागाच्या तपासणीसाठी थांबले. सांगलीहून बाबा आले होते, त्यांच्या परतीचं तिकीट जवळ येत चाललेलं. अखेर पहाटे २ वाजून ३१ मिनिटांनी, म्हणजे भारतात दुपारी १२ ला, ३९ए या उड्डाणस्थळावरून उड्डाण झालं.

आम्ही केप कॅनव्हरल गावाच्या किनाऱ्यावर होतो, एलझेड-१ पासून साधारण १२ किलोमीटर. मार्च ते ऑक्टोबर हा इथे समुद्री कासवांचा हंगाम, किनाऱ्यावर पांढरा उजेड चालत नाही.

“बाबा, लाल बॅटरीच वापरा हं.”

“अगं, एवढं धूड पेटल्यावर कासवांना काय अंधार राहणार आहे?”

मुद्दा बिनतोड होता. तरी लाल बॅटरीच वापरली.

बाबांकडे घड्याळ दिलं होतं. त्या रात्रीच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो, म्हणजे १२ किलोमीटरला चौतीस-पस्तीस सेकंद. ज्वाला विझली की बटण दाबा, असं ठरलं. एंट्री बर्न तक्त्यात लिहिलेल्या जागी पेटला, ठिपका तिथेच होता. पुढे लँडिंग बर्न, खालून उजळलेल्या धुरात बूस्टरचा काळा कणा, आणि मग अंधार. किनाऱ्यावर टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी तिरंगा नाचवत होतं. टाळ्या ओसरायच्या आत धाड-धाड-धाड, तीन धमाके छातीवर आदळले. मागच्या पार्किंगमधल्या दोन-तीन गाड्यांचे अलार्म बोंबलायला लागले.

“पस्तीस कुठले? तुझं गणित चुकलं की गं.”

गणित बरोबर होतं, फक्त धमाका तिथला नव्हता. तो बूस्टर टेकताना होतच नाही. काही किलोमीटर वर, आवाजापेक्षा जास्त वेगाने खाली येत असताना जो आघात-तरंग सुटतो, तो आपण नंतर ऐकतो. सुटतो आधी, म्हणून पोचतोही आधी. तीन का, तर बूस्टरचा आकार वरपासून खालपर्यंत सारखा नाही. जाळीदार पंखांचा त्यात मोठा हात आहे. धमाक्यांच्या पाठोपाठ येते लँडिंग बर्नची घरघर, आणि ती जिथे तुटते ते इंजिन बंद झाल्याचं. त्या तुटण्याला पस्तीस सेकंद लागतात. लाटांच्या आवाजात कानाला ते कळलं नाही, पण घरी येऊन रेकॉर्डिंगचा आलेख मोठा करून बघितला तर खालच्या कंपनांचा पट्टा चौतिसाव्या सेकंदाच्या पुढे कापल्यासारखा थांबलेला. बाबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि मग “ठीक आहे” म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे सुवर्णपदक.

म्हणूनच आवाज सरकवण्याला माझा विरोध. धमाके नेमके पाय टेकताना वाजले पाहिजेत म्हणून बरेच जण संगणकावर आवाज ओढून जुळवतात. दिसायला झकास दिसतं. पण मग बघणाऱ्याला वाटतं कॅमेरा पॅडच्या कुंपणाला टेकून उभा होता, आणि तिथे तर कुणालाच सोडत नाहीत. आधी टाळ्या आणि मग धमाके हा उलटा क्रमच सांगतो की माणसं किती लांब उभी होती. एका मित्राचं म्हणणं असं की बघणाऱ्याला हे कळत नाही, त्याला वाटतं फीत बिघडली. असेल. खाली एका ओळीत अंतर लिहावं, काम झालं.

आवाजासाठी फोनच्या भरवशावर राहू नका. धमाका आला की फोन घाबरून पातळी खाली ओढतो आणि पुढची घरघर गिळून टाकतो. मी ३२-बिट फ्लोटचा छोटा रेकॉर्डर वापरते, त्यात पातळी आधी ठरवावी लागत नाही आणि धमाका फाटत नाही. त्यावर केसाळ वाराटोपी, आणि रेकॉर्डर माणसांपासून लांब, बुटक्या स्टँडवर. वाळूच्या टेकड्यांवर मात्र ठेवायचा नाही, तिथलं गवत संरक्षित आहे. फाल्कन हेवीचा, म्हणजे तीन बूस्टर एकत्र जोडलेल्या रॉकेटचा, आवाज एकदा असा घेतला आहे, २५ जून २०२४ ला, गोज-यू हवामान उपग्रहाच्या वेळी. दोन बाजूचे बूस्टर शेजारशेजारच्या पॅडवर काही सेकंदांच्या फरकाने उतरले. हिशेबाने सहा धमाके हवेत. आलेखात ते एकमेकांत असे गुंतलेत की कुठला कुणाचा हे मी अजून सोडवतेय. कुणाला आघात-तरंगांचं गणित येत असेल तर फाइल देते.

बाबांनी विमानतळावर विचारलं, “आपलं असं उभं कधी उतरणार?” आपल्याकडे इस्रोच्या पुष्पक या पुन्हा वापरायच्या यानाला पंख आहेत. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून त्याला धावपट्टीवर उतरवण्याचे तीन प्रयोग झाले, शेवटचा २३ जून २०२४ ला. तेही टिपायला मजा येईल, पण तो संरक्षण खात्याचा परिसर, आपण ट्रायपॉड घेऊन जायची जागा नव्हे.

आता पुढचं. स्पेसएक्सने उतरण्याची जागा उड्डाणस्थळाच्या शेजारी न्यायचं ठरवलं, एसएलसी-४० या तळाच्या आवारात. नकाशावर मोजलं तर आमच्या नेहमीच्या जेट्टी पार्कपासून एलझेड-१ सुमारे १० किलोमीटर होतं, नवी जागा १७ च्या पुढे. म्हणजे त्याच लेन्समध्ये बूस्टर जेमतेम चौकटीच्या चौदाव्या भागाएवढा, इंजिन थांबल्याचा आवाज पन्नास सेकंदांनी, आणि शेवटचे काही मीटर बहुधा झाडीमागे. दुसरा पर्याय पश्चिमेकडून, टायटसव्हिलचा मॅक्स ब्रुअर पूल. अंतर २२ किलोमीटर, पण उंची मिळते आणि समोर मोकळं पाणी. पुलाचं दुखणं हे की ट्रक गेला की सगळा पूल थरथरतो आणि ६०० मिमीवर ते लगेच दिसतं. ट्रायपॉडच्या पायांखाली वॉशिंग मशीनखाली घालतात तसले रबराचे जाड तुकडे ठेवून बघणार आहे. पुलावरून समुद्र उजव्या हाताला नसून समोर असेल, म्हणजे बूस्टर आडवा न सरकता समोरून आपल्याकडे येईल; डावीकडे जागा सोडायचा माझा नियम तिथे निकालात.

नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की एखाद्या सकाळी सूर्य वर यायच्या आत पुलावर जाऊन नुसते पॅडवरचे वीजरोधक मनोरे टिपून येणार, थरथर किती वाजता सुरू होते त्याची नोंद करायला. कुणाला यायचं असेल तर कळवा. गाडीत एका माणसाची आणि एका ट्रायपॉडची जागा आहे, डबा मात्र आपापला आणायचा.