दगड दिसला, पण टॅग कोणता?

ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावर प्रत्येक गोष्टीला तिचा प्रकार सांगणारी खूण, म्हणजे टॅग लावतात. पण कोरीव दगड दिसला की सरसकट 'सर्व्हे पॉइंट' टाकला जातो. आधी दगडाचे काम ओळखा. मोजणीचा संदर्भबिंदू असेल, म्हणजे टेकडीवरचा त्रिकोणमितीय स्तंभ किंवा 'जीटीएस बीएम' (ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे, बेंच मार्क) कोरलेला उंचीचा दगड, तर 'मॅन मेड' खाली 'सर्व्हे पॉइंट'. शिवेचा किंवा गटाच्या हद्दीचा दगड असेल तर 'बाउंडरी = मार्कर'. संस्थानी काळातला जुना सीमादगड 'हिस्टॉरिक' खाली जातो. मैलाचा दगड यांपैकी कशातच नाही, तो 'हायवे = माइलस्टोन'.

खरा घोळ उंचीत होतो. 'ईएलई' या उंचीच्या टॅगमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची हवी. काही फोन मात्र लंबगोलावरची (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती नमुन्यावरून मोजलेली) उंची दाखवतात, आणि महाराष्ट्रात ती सुमारे ६०-७० मीटर कमी येते. मुंबईच्या किनाऱ्यावर उणे आकडा दिसला की समजा! दगडावर उंची कोरलेली असेल तर एकक तपासा. जुन्या दगडांवर ती फुटांत असते.

जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावरचे, म्हणजे भारताच्या जुन्या मोजणीतल्या वेगळ्या नमुन्यावरचे असतात. आजच्या जीपीएसच्या पद्धतीत रूपांतर न करता टाकले तर बिंदू भलत्याच शेतात पडतो. आणि कोरीव मजकूर 'इन्स्क्रिप्शन' या टॅगमध्ये जसाच्या तसा लिहा, पुसट अक्षरे अंदाजाने भरू नका.