मास्त्रोयानी, क्रमाने : नोंद सातवी

इटालियन नट मार्चेल्लो मास्त्रोयानीचे चित्रपट क्रमाने पाहणं चालू आहे; गेल्या नोंदीनंतर आणखी चार पाहून झाले. यादीतल्या २४ पैकी १७ झाले. प्रत्येक चित्रपटातला एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहायचा, हा नेम अजून चालू आहे. संवाद नसले की मास्त्रोयानी शरीराने काय करतो ते नीट दिसतं.

'डिव्होर्स इटालियन स्टाईल'ला (१९६१) हा नेम फारच फळला. सिसिलीतला बॅरन फेफे. चापून बसवलेले केस, जड पापण्या, आणि मधूनच उडणारा ओठाचा कोपरा. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता, तो १९७० साली आला. पण अब्रूसाठी बायकोला ठार मारलं तर शिक्षा सौम्य, म्हणून हा गृहस्थ बायकोला प्रियकर जुळवून द्यायच्या खटपटीत. त्याच्या मनात बेत शिजतोय हे ओठाच्या त्या कोपऱ्यावरूनच कळतं. वर गावच्या थिएटरात 'ला दोल्चे व्हिता' लागतो! ज्या चित्रपटाने मास्त्रोयानीला जगाचा देखणा प्रियकर केलं, तो येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

१९६३ च्या दोन चित्रपटांबद्दल थोडक्यात. 'एट अँड अ हाफ'मधला गोंधळलेला दिग्दर्शक सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच वर्षीचा मोनिचेल्लीचा 'इ कोम्पान्यी' चुकवू नका. तोरिनोच्या (ट्युरिन) गिरणी कामगारांचा संप घडवणारा दाढीवाला, चष्मेवाला, फाटका मास्तर. हा तोच माणूस, यावर मला दहा मिनिटं विश्वास बसेना.

आणि मग एत्तोरे स्कोलाचा 'अ स्पेशल डे' (१९७७). इथे माझा नेम मोडला.

मे १९३८. हिटलर रोमला आलाय, सगळी इमारत संचलन बघायला ओस पडलीय. मागे उरलेत दोघंच : सहा मुलांची आई आन्तोनिएत्ता (सोफिया लॉरेन) आणि समोरच्या घरातला गाब्रिएले. आवाज बंद केला आणि मला काही उमगेना. कारण संचलनाचं वर्णन करणारा पहारेकरणीचा रेडिओ दिवसभर चौकात गरजत असतो, आणि गाब्रिएले हा रेडिओवरूनच काढलेला निवेदक आहे, समलिंगी म्हणून. ज्या आवाजातून त्याला हाकललं तोच आवाज त्याच्या खिडकीतून आत येतो. त्यात तो तिला रुम्बाची पावलं शिकवतो, तिच्या घरात मुलाची पायाने ढकलायची स्कूटर चालवतो, आणि मला प्रत्येक वेळी वाटत राहतं की हा आता रडेल. तो रडत नाही. गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींमध्ये ती त्याला जवळ घेते, तेव्हा त्याचे हात नुसते लोंबत राहतात. इतके रिकामे हात मी पडद्यावर दुसऱ्या कुणाचे पाहिलेले नाहीत.

या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं दुसरं नामांकन मिळालं. तिसरं 'डार्क आईज'चं (१९८७), ज्यासाठी कान चित्रपट महोत्सवात तो सर्वोत्तम अभिनेता ठरला. तो यादीत पुढे आहेच. त्याआधी 'अ स्पेशल डे' पुन्हा लावणार आहे, या वेळी डोळे मिटून, फक्त रेडिओ ऐकायला.