एका रात्रीपुरती मांजर

तीन जानेवारीच्या संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर शेजारच्या बाबा उभ्या. डोक्याला काळा रुमाल, हातात झाकणाची टोपली आणि टोपलीत त्यांची करडी मांजर. बल्गेरियात आजीला ‘बाबा’ म्हणतात आणि आजोबांना ‘द्यादो’. जिभेला हे वळण पडायला मला महिनाभर लागला होता.

“द्यादो गेले,” त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांनी टोपली माझ्या हातात दिली. “उद्या त्यांना नेईपर्यंत हिला घरात कोंडून ठेव. दार उघडं टाकू नकोस.”

घरात माणसांची ये-जा असणार, मांजर पायात नको, एवढंच मला त्यातून कळलं. तिला स्वयंपाकघरात बंद केलं आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बसायला गेलो.

आमचं गाव प्लोव्दिव्हच्या दक्षिणेला, रोदोपी डोंगराच्या पायथ्याशी आहे. शहरात आता बहुतेक वेळा मयत थेट दफनभूमीत नेतात, पण आमच्या गावात द्यादोंना रात्रभर घरीच ठेवलं होतं. लग्नाकार्याला घालायचा सूट अंगात, छातीवर जोडलेले हात, उशाशी मेणबत्ती. भिंतीवरच्या आरशावर पांढरी चादर टाकलेली. बायका पाळीपाळीने बसत होत्या. एक उठली की दुसरी तिची जागा घ्यायची, खोली क्षणभरही रिकामी राहत नव्हती. बाबांच्या सुनेला मी हळूच मांजरीचं विचारलं. ती तितक्याच हळू म्हणाली, “प्रेतावरून मांजर गेली तर माणूस वाम्पीर होतो. आणि त्यात हे दिवस असले.” वाम्पीर म्हणजे व्हॅम्पायर, मेल्यावर परत येणारा.

हे दिवस म्हणजे नाताळपासून 6 जानेवारीपर्यंतचे. इथे त्यांना ‘म्रस्नी द्नी’, मळके दिवस म्हणतात. जुन्या समजुतीप्रमाणे या काळात पाणी अजून पवित्र झालेलं नसतं आणि वाईट शक्ती मोकळ्या फिरतात. 6 तारखेला योर्दानोव्हदेन येतो. त्या दिवशी पाद्री नदीत क्रूस टाकतात, पुरुष गोठवणाऱ्या पाण्यात उड्या मारून तो वर काढतात आणि मगच हे दिवस संपतात. त्याआधी जो जातो त्याची काळजी जास्त घ्यायची, कारण तो परत येण्याची भीती असते.

वाम्पीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला काळ्या झग्यातला, किल्ल्यात राहणारा सरदार येतो. बल्गेरियाच्या खेड्यातला वाम्पीर तसा नाही. तो घरातलाच माणूस असतो, ज्याला निरोप द्यायला काही चुकलं तो. प्रेतावरून मांजर, कुत्रं, कोंबडी गेली, त्याच्यावर कोणाची सावली पडली, रात्री त्याला एकटं सोडलं, एवढंही पुरतं. दिमितर मारिनोव या अभ्यासकांनी हे सगळं गावोगावच्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवलं आहे. 1914 साली त्यांचा मोठा ग्रंथ छापून आला. सोफियाच्या वांशिक संग्रहालयाचे ते पहिले संचालक.

या समजुतीत चाळीस दिवसांना फार महत्त्व आहे. तेवढे दिवस आत्मा घराभोवती घुटमळतो. वाम्पीर झालाच तर सुरुवातीला त्याला हाडं नसतात, रक्ताने फुगलेली नुसती पिशवीच. त्याचं एक नाव ‘प्लतेनिक’ आहे आणि ‘प्लत’ म्हणजे मांस, देह. तो रात्री घरी येतो, पीठ सांडतो, मडकी फोडतो, गुरांना त्रास देतो, झोपलेल्याच्या छातीवर बसतो. चाळीस दिवसांत त्याला कोणी संपवलं नाही तर त्याला हाडं धरतात. मग तो चारचौघांसारखा होऊन परगावी संसार थाटतो. त्याच्या मुलाला मात्र इतर वाम्पीर दिसतात, म्हणून लोक त्यांचा बंदोबस्त करायला त्यालाच बोलावत. त्याला वाम्पिर्जिया म्हणत. उपाय म्हणजे ग्लोगचा काटा. ग्लोग हे लाल फळांचं काटेरी झुडूप, आमच्या कुंपणालाही आहे. काटा टोचला की पिशवी फुटते, हे त्यामागचं सरळ गणित.

मला हे नुसतं भाकड वाटत नाही. थंडीत पुरलेलं शरीर लवकर कुजत नाही. आतल्या वायूंनी ते फुगतं, तोंडातून लालसर पाणी येतं, कातडी आक्रसल्याने नखं वाढल्यासारखी दिसतात. थडगं उकरून ज्यांनी हे पाहिलं, त्यांनी डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं.

ही भीती जमिनीतही सापडली आहे. 2012 साली काळ्या समुद्रावरच्या सोझोपोलमध्ये छातीत लोखंड ठोकलेले मध्ययुगीन सांगाडे निघाले आणि त्यातला एक सोफियाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला गेला. 2014 साली पुरातत्त्वज्ञ निकोलाय ओव्हचारोव यांना पेरपेरिकोन या डोंगरावरच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात चाळिशी-पन्नाशीतला एक माणूस सापडला. त्याच्या छातीत नांगराचा फाळ होता आणि डावा पाय गुडघ्याखाली तोडून शेजारी ठेवलेला. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पेरपेरिकोन चढून गेलो. कातळात कोरलेल्या त्या गावात उभी असताना माझ्या डोक्यातून फाळ जाईना. कोणीतरी तो आपल्या घरातून आणला असणार. हा माणूस ओळखीच्यांनीच पुरला, आणि त्याची भीतीही ओळखीच्यांनाच वाटली. जगभरच्या बातम्यांत याचं सुळेवालं भूत झालं, त्याचं मला वाईट वाटलं.

बाबांच्या घरी बसले असताना मला माझी आजी आठवली. ती गेली तेव्हा साताऱ्याच्या घरात दिव्याजवळ ताटात पीठ पसरून ठेवलं होतं आणि सकाळी आम्ही सगळे वाकून त्यात पाऊल उमटलंय का ते शोधत होतो. आमच्या मनात तेव्हा भीती आणि ओढ दोन्ही होती. त्या रात्री बाबांच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं. मध्येच त्या उठून द्यादोंची कॉलर सारखी करायच्या आणि परत येऊन बसायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरलं. थडग्यावर वाइन ओतली. येणारा प्रत्येक जण “बोग दा प्रोस्ती” म्हणत होता, देव क्षमा करो. आणि “लेका मु प्रस्त”, माती त्याला हलकी होवो. मी फुलं नेली होती ती मोजून सहा, कारण इथे सम संख्येची फुलं फक्त मेलेल्यांना देतात. घरी येऊन स्वयंपाकघराचं दार उघडलं. मांजर शेगडीजवळ बसून होती, वाटीतल्या दुधाला तोंडही लावलं नव्हतं. टोपली घेऊन गेले तर बाबांनी तिला दोन्ही हातांत घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडल्या. आदल्या रात्रभर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत चाळिसावा दिवस आला. फाटकावर नवा नेक्रोलोग, म्हणजे मृत्यूचं छापील पत्रक, चिकटवलेला, द्यादोंचा फोटो आणि खाली ‘40 दिवस’. बाबांनी झितो केलं होतं, उकडलेले गहू, साखर आणि अक्रोड. प्लास्टिकच्या छोट्या पेल्यांतून त्या प्रत्येकाच्या हातात देत होत्या. बसायला खुर्च्या कमी पडल्या. खिडकीजवळच्या द्यादोंच्या खुर्चीवर मांजर अंग मुडपून झोपली होती. सून तिला उठवायला गेली, तर बाबांनी हातानेच खूण केली, राहू दे.